वडघाटची पंगत

राणीसावरगावात एस.टी. स्टँडला लागून घर असणं हा काही गुन्हा नाही. पण शिक्षा मात्र रोज होते, आणि ती घरातल्या सुनेला होते. गंगाखेडची गाडी आली की उतरलेल्यांपैकी एखादा तरी "जरा टेकतो" म्हणत राजेश्रीच्या ओसरीवर चढायचा. टेकलेल्या माणसाला पाणी द्यायचं, पाण्यामागून चहा द्यायचा, आणि चहा होईस्तोवर जेवणवेळ झाली तर ताट वाढायचं. कोणी नात्यातलं, कोणी नात्याच्या नात्यातलं, कोणी नुसतंच तोंडओळखीचं. राजेश्रीच्या सासूला, लक्ष्मीबाईंना, या गोष्टीचा कोण अभिमान! "आमच्या उंबऱ्यावरून आजवर कोणी कोरड्या तोंडानं गेलं न्हाई," असं त्या येईल त्याला सांगत. खरंच होतं ते. फक्त चहा कोण करतं, एवढं सांगायचं त्यांच्याकडून राहून जायचं.

राजेश्री सकाळी अंगणवाडीत मदतनीस म्हणून जायची, दुपारून शेतात, आणि उरलेला सगळा वेळ चुलीपुढं. यातूनच ती मुक्त विद्यापीठाची बी.ए. करत होती. नाव घातलं तेव्हा लेक अर्पिता बालवाडीत होती, आता ती सहावीत गेली होती. पेपर सगळे निघाले होते, एक प्रकल्प-निबंध तेवढा राहिला होता. एका वर्षी तो नणंदेच्या लग्नात बुडाला, दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या मोडलेल्या खुब्यापायी. आता नोंदणीची मुदतच संपत आली होती. यंदा निबंध पोचला नाही तर केलेलं सगळं मातीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पदवी मिळाली तर वरच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळंच होतं. आपल्या हातून सुरू झालेली एक तरी गोष्ट शेवटाला गेलेली तिला बघायची होती. चहा सोडून.

गंगाखेडच्या अभ्यासकेंद्रात नागसेन सर शिकवायला होते. विषयावरून भांडणं नकोत म्हणून त्यांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला आठवडी बाजार निघाला, कोणाला ग्रामसभा. राजेश्रीच्या हाताला लागली ती "फसलेल्या मोहिमा आणि त्यांची कारणे." बाकीचे हसले. तिलाही हसू आलं, पण हसायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

मग तिनं मोबाइल उघडला आणि फसलेली माणसं वाचायला घेतली. एका हातानं पोळी उलटायची, दुसऱ्या हातानं मोबाइल. बर्फात अडकून चिरडलेली जहाजं. शिखर समोर दिसत असताना मागं फिरलेले गिर्यारोहक. अन्नाचा साठा पुढच्या टेकडीमागं होता आणि माणसं अलीकडंच तंबूत निजून गेली. बर्फ राजेश्रीनं फक्त रसवंतीत बघितला होता, त्यामुळं बर्फ काही तिला कळला नाही. थकवा मात्र पुरता कळला. एका पायापुढं दुसरा पाय टाकायचा, आणि कशासाठी हे विचारायचं नाही, हे वाचताना तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

चांगली दहा-बारा पानं झाली. ती घेऊन ती केंद्रावर गेली. नागसेन सरांनी चार पानं चाळली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, अक्षर सुंदर आहे. पण हा विषय दर वर्षी कोणाला तरी निघतो आणि दर वर्षी हाच बर्फ माझ्याकडं येतो. गंगाखेडच्या उन्हात बसून मी किती बर्फ वाचू? आपल्याकडं काही फसलंच नाही का कधी?"

"सर, आपल्याकडं फसलं न्हाई असं काय हाय?" राजेश्री म्हणाली.

सर मोठ्यानं हसले. पण हे बोलता बोलताच तिला नारळवाले आठवले.

नारळवाल्यांची गोष्ट त्या भागात सगळ्यांना ठाऊक होती, निदान चेष्टेपुरती. राजेश्रीच्या जन्माच्या आधल्या साली गंगाखेडची पाच माणसं ट्रकच्या ट्यूबा आणि बांबू बांधून केलेल्या तराफ्यावरून गंगेतून समुद्राकडं निघाली होती. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. भगवानराव नावाचे शाळेतले कवायतीचे मास्तर त्यांचे म्होरके. दसऱ्यानंतर नदी भरलेली असते, पाणी उतरायच्या आत आंध्रातून पार समुद्र गाठायचा, असा बेत. बेत कसला, आपला जिल्हासुद्धा ओलांडला नाही. गाळात रुतले आणि एस.टी.नं परत आले. येताना प्रत्येकाच्या हातात नारळांची पिशवी, गावोगावच्या सत्कारांतली. "समुद्र काही दिसला न्हाई, पण नारळ तेवढे आणले," असं लोक म्हणायचे. अजूनही कोणाचा मोठा बेत फिसकटला की पालमच्या हॉटेलात कोणी तरी विचारतंच, "नारळ आणले का?"

सर म्हणाले, "हाच घ्या. पण मोहीम कशामुळं फसली ते शोधा. नुसती मजा नको."

विचारायला दोनच माणसं उरली होती. भगवानराव मास्तर वारले होते, एकजण लेकाकडं पुण्याला गेला होता, आणि एक होता पण त्याला काही आठवत नव्हतं. ती मुंजाजीकडं गेली. तराफा त्यानंच बांधला होता. गंगाखेडात त्याचं पंक्चरचं दुकान अजून होतं, चालवत होता लेक, आणि मुंजाजी नुसता बाहेर बाजेवर बसायचा. राजेश्रीनं विषय काढताच त्यानं लेकाला भजी आणायला पिटाळलं. भज्यांमागून चहा, चहामागून ऊस. एवढ्या वेळात त्यानं सांगितलं ते एकच. "माझ्या ट्यूबांत एक पंक्चर झालं न्हाई. निघालो तशा परत आणल्या. हे मोठ्या अक्षरात लिहा." मग फसलं कशामुळं? "पाणी उतरलं." एवढं बोलून त्यानं भज्यांचा कागद पुढं सरकवला.

सिद्धोधन पूर्णेला होते. रेल्वेतून निवृत्त होऊन जंक्शनच्या मागं त्यांनी घर बांधलं होतं. ते विचार करून बोलणारे गृहस्थ. राजेश्रीला वाटलं, इथं नक्की काही सापडणार.

"पाणी उतरलं हे खरंच," ते म्हणाले. "पण पाणी दर सालीच उतरतं. ते आमाला निघायच्या आधी ठाऊक होतं. मंग आमी त्याच्या आत कामून पोचलो न्हाई? थांबलो मनून. आन थांबलो कामून..."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी चतुराबाई दोन ताटं घेऊन बाहेर आल्या. "आधी जेवा. लेक इतक्या लांबून आली, तुमचं काय चाललंय?" राजेश्रीनं हात जोडले, गाडी आहे म्हणाली. चतुराबाईंनी ऐकून घेतलं आणि भाकरी वाढली. मग कोणाची लेक, कोणत्या गावची, सासर कसं, हे सुरू झालं. जेवणं झाली तोवर पालमची गाडी गेली होती आणि सिद्धोधनरावांचा डोळा लागला होता. ती निघताना ते जागे झाले आणि दारापर्यंत आले.

"वडघाटला जा," ते म्हणाले. "आमी तिथंच संपलो. तिथं बायनाबाई हाय. तिला विचार. आमच्या तोंडानं ते बोलणं बरं न्हाई दिसत."

त्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. लक्ष्मीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं स्टँडपर्यंत ऐकू येत असे.

वडघाटला उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता आठवडे गेले. अंगणवाडीत लसीकरण आलं. ओसरीवर पाहुणे येतच राहिले. रोज रात्री ती अंथरुणाला पाठ टेकायची आणि उद्या नक्की म्हणायची, आणि सकाळी गंगाखेडची गाडी कोणाला तरी आणून दारात सोडायची. असं करत करत निबंध द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. नदीचं वर्णन झालं होतं, तराफ्याचं झालं होतं, माणसांचं झालं होतं. कारण तेवढं बाकी होतं. आणि विषयच कारणांचा होता.

त्या सकाळी तिनं नीट बेत आखला होता. पहिल्या गाडीनं निघायचं, वडघाटच्या फाट्यावर उतरायचं, बायनाबाईला भेटायचं, आणि पाचच्या आत गंगाखेडला केंद्रावर फाइल द्यायची. चपला पायात घातल्या, फाइल काखेत मारली, आणि समोरून सिताराममामा ओसरीची पायरी चढले. हे तिच्या नवऱ्याचे, योगीराजचे मामा. पालमहून मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते.

"बसत न्हाई ताई," मामा बहिणीला म्हणाले, "लय गावं करायचीत आज."

"बसत न्हाई म्हणजे?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पत्रिका घेऊन आलेला भाऊ दारातून जातो का कुठं? राजेश्री, चपला काढ. चहा टाक आन कणीक मळ."

मामांनी घड्याळ पाहिलं. राजेश्रीनं मामांकडं पाहिलं. दोघांनाही निघायचं होतं, दोघांनाही ते कळलं, आणि दोघंही काही बोलले नाहीत. तिनं चपला काढल्या, मामांनी टोपी काढली. गाडी स्टँडवरून निघाल्याचा आवाज चुलीपर्यंत आला. कणीक मळताना राजेश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडत बसायला तिला वेळ नव्हता. हात पिठात आणि डोक्यात एकच, की हेही वर्ष गेलं.

मामा जेवले, म्हणजे त्यांना जेवावं लागलं. योगीराज माणूस वाईट नव्हता. फक्त आईपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. मामांना पुढच्या गावी सोडून तो मोटारसायकल तशीच चालू ठेवून दारात आला आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "चल, फाट्यापतोर सोडतो. घरातलं मी बघतो." काय बघणार होता कोण जाणे. पण ती बसली.

वाटेत वाऱ्यानं फाइलीतली पानं फडफडत होती, ती तिनं पोटाशी दाबून धरली. तंबूत निजून गेलेली ती माणसं तिला आठवली. त्यांना पुढच्या टेकडीमागं साठा आहे हे ठाऊक नव्हतं, ते एका परीनं बरंच होतं. हिला ठाऊक होतं.

वडघाट म्हणजे नदीच्या उंच काठावरची शे-दीडशे घरं. बायनाबाईचं घर कोणीही दाखवलं असतं. दार उघडंच होतं. साठीच्या आसपासची, हाडापेरानं थोराड बाई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसली होती. "नारळवाल्यांचं विचारायचंय" म्हटल्यावर सूप तिच्या हातातच राहिलं.

"कोणी धाडलं?"

"पूर्णेच्या सिद्धोधनरावांनी."

बाईनं सूप खाली ठेवलं. "बस," ती म्हणाली, आणि आतल्या सुनेला हाक मारली, "अगं, चहा टाक. पोह्याचं बी बघ." राजेश्री चटईवर टेकली. पाठ भिंतीला लागताच सगळा दिवस अंगावर आला. इथंच पडून राहावं, कोणी उठवू नये, असं तिला वाटलं.

"माझं नवंनवं लग्न झालतं त्या साली," बायनाबाई सांगू लागली. "सकाळी घाटावर धुणं धुवायले होते, तर पाण्यावरून ही पाच माणसं आली. डोक्याला पांढऱ्या टोप्या, मधी झेंडा. असलं कधी बघितलंच न्हवतं. पळत घरी आले, सासऱ्याला सांगितलं. ते मनले, गंगेवरून पावणे आले आन आपल्या गावातून उपाशी जातेत का? झालं. मी पुरण शिजाया घातलं."

"ते थांबायला तयार होते?"

"कुठले! मास्तर हात जोडायला लागला. मनला, 'ताई, पाणी हाय तवर जाऊ द्या, वरच्या गावांनी आधीच दिवस खाल्लेत.' मी मनले, दोन घास तर खाऊन जा. नव्या नवरीनं पदर पसरल्यावर तो बिचारा काय करील? बसले जेवायला. लय जेवले बाई. उपाशीच होते."

राजेश्री लिहीत होती. आतून चहाचा वास आला.

"मंग आमच्याकडं जेवले मनल्यावर वरली आळी आडवी आली. त्यांच्याकडं जेवता, आमाला काय खरूज झाली का? दुसरा दिवस त्यांचा. मंग खालच्या आळीनं मान मागितला. सिद्धोधनभाऊचे पावणे निघाले बौद्धवाड्यात, ते मनले आमचा माणूस आमच्याच दारापुढून जातो का? त्यांचं बी खरंच की. मंग शाळेत सत्कार, मंग भजनी मंडळाचा. नारळावर नारळ, रोज पंगत. गावाला असा हुरूप आलता, लग्नात बी येत न्हाई. कोणी एक घर सोडलं असतं तर त्या घराची इज्जत गेली असती ना!"

"आणि मास्तर?"

"मास्तर रोज सकाळी घाटावर जायचा. एकटाच. आज ही पायरी उघडी पडली, उद्या ती. उभा राहून बघायचा आन परत पंगतीला यायचा. मी पाणी भरताना बघायचे त्याला. पण मला काय कळतंय? मला वाटायचं, पावणा गावावर खुश हाय."

नदीकडून वारा आला, सुपातली फोलपटं उडाली.

"निघाले त्या दिवशी तराफ्याखाली वीतभर पाणी न्हवतं. सगळ्या गावानं ढकलला. मी बी हात लावला. जरा पुढं गेला आन गाळात बसला, बसला तो बसलाच. आमी बाया हसायलो होतो. खरं सांगते, हसायलो होतो. मंग त्यांनी ट्यूबांतली हवा सोडली. तिचा आवाज झाला ना, तवा हसणं बंद झालं."

"तुम्हाला कोणी बोललं नाही?"

"कोण बोलणार? जेवू घातलेल्याला कोणी बोलतं का?" बायनाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "लय सालानं गंगाखेडला दवाखान्यात मास्तर दिसला. पार वाळला होता. मीच वळख दिली. वाटलं, तोंड फिरवील. त्यानं हात जोडले. मनला, 'ताई, तुमच्या पुरणाची चव अजून जिभेवर हाय.' बस, इतकंच. एक वाकडा शब्द न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन ऐकून मोकळी झाले असते. त्याच साली वारला. त्याला समुद्र बघायचा होता गं, दुसरं काय मागत होता? बघितलाच न्हाई."

राजेश्रीचा पेन थांबला होता. पूर्णेला अर्धवट राहिलेलं वाक्य तिच्यापुढं पुरं झालं होतं.

"आमी काय वैरी होतो का त्याचे?" बायनाबाई म्हणाली. "माया केली. सगळे थांबा मनले. एकानं तरी जा मनायला पायजे होतं. एका बी माणसानं मनलं न्हाई."

सून चहाचे कप घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात पोह्यांची ताटली. राजेश्रीनं सवयीनं कपासाठी हात पुढं केला.

"तू हे लिहून कुठं द्यायलीस?" बायनाबाईनं विचारलं.

"गंगाखेडला. केंद्रावर."

"कवा?"

"आजच. पाचच्या आत. आज शेवटचा दिवस हाय मावशी."

बायनाबाईनं एकदा उन्हाकडं पाहिलं आणि एकदा राजेश्रीकडं. तिच्या सुकलेल्या ओठांकडं, पायांवरच्या धुळीकडं, मांडीवर घट्ट धरलेल्या फाइलीकडं. मग तिनं हात लांब करून सुनेच्या हातातला कप मधल्यामध्येच अडवला.

"ने आत."

"आत्या?" सून बघतच राहिली.

"आत ने मनते ना. पोहे बी." आणि ती राजेश्रीकडं वळली. "उठ."

"मावशी, एवढा चहा..."

"आजिबात न्हाई. चहा झाला की पोहे होतेत, पोहे झाले की बारके-मोठे येतेत, मंग शेजारीण येती. मला ठाऊक हाय. आता फाट्यावर पालमहून गंगाखेडला जाणारी गाडी येती, तिच्यानंतर लय उशिरानं हाय. उठ, चपला घाल."

"कुंकू तरी लावू द्या की," सून कळवळून म्हणाली. "सवाष्ण बाई दारातून तशीच..."

"तशीच जाऊ दे!" बायनाबाई ओरडली. तिचा आवाज फाटला होता. तिनं राजेश्रीचा दंड धरून तिला उभं केलं, उंबऱ्याबाहेर आणलं, आणि पाठीवर हात ठेवून पुढं लोटलं. माया करताना लोटतात तसं नव्हे, चांगलं लोटलं. "जा. मागं बघू नको. जा बाई, जा."

शेजारच्या दारात दोन बाया उभ्या राहिल्या होत्या. आलेल्या बाईला बायनाबाईनं हाकललं, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वडघाटला कळणार होतं. बायनाबाईला त्याची फिकीर दिसली नाही. ती दारात कमरेवर हात देऊन तशीच उभी राहिली, राजेश्री रस्त्याला लागेपर्यंत.

राजेश्री पळाली. कित्येक वर्षांत ती पळाली नव्हती. फाट्यावर पोचली तेव्हा गाडी थांबतच होती. जागा मिळाली, खिडकीशेजारची. बसली आणि तिला रडू फुटलं. कंडक्टरनं तिकीट फाडून हातात दिलं. आजवर तिला लोकांनी बस म्हटलं होतं, थांब म्हटलं होतं, चपला काढ म्हटलं होतं. मायेनं म्हटलं होतं, हक्कानं म्हटलं होतं. जा म्हणणारं पहिलंच माणूस तिला भेटलं होतं, आणि त्या माणसानं तिच्या तोंडापुढचा कप काढून घेतला होता. थोडं शांत झाल्यावर तिनं फाइल मांडीवर घेतली. गाडी खड्ड्यांतून उसळत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. तिनं शेवटचं पान लिहिलं.

केंद्रावर शिपाई खिडक्या लावत होता. नागसेन सरांनी फाइल घेतली, नोंद केली, सही केली, आणि उभ्याउभ्याच शेवटचं पान वाचलं. वाचून झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि पुन्हा वाचलं.

"पोचलात," ते म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, "थकलात तुम्ही. चहा सांगू?"

"नको सर," राजेश्री म्हणाली. "गाडी हाय माझी."

असं म्हटल्यावर काही तरी होईल, असं तिला उगाच वाटलं होतं. काही झालं नाही. सर बरं म्हणाले.

राणीसावरगावला उतरली तेव्हा लक्ष्मीबाई ओसरीवरच बसल्या होत्या. योगीराज आणि अर्पिता आत कुठं तरी गप्प होते, म्हणजे दुपारी बोलणी खाल्ली असणार. राजेश्री पायरीवरच बसली. आत जायचं बळच नव्हतं.

"दिलं का ते?" सासूबाईंनी विचारलं.

"दिलं."

"जेवलीस कुठं?"

"कुठंच न्हाई."

लक्ष्मीबाईंनी मान वळवली. "वडघाटला त्या बाईकडं गेलतीस ना? तिनं वाढलं न्हाई?"

"न्हाई."

"चहा?"

"चहा केलता. आत परत नेला."

"कुंकू?"

"तेबी न्हाई लावलं."

असलं काही लक्ष्मीबाईंनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. "आमच्या घरची सून," त्या म्हणाल्या, "दिवसभराची उपाशी, आन केलेला चहा परत नेला? कसली मनायची ती माणसं! ऱ्हा, तू उठू नको. बस तिथंच." आणि मोडलेल्या खुब्यावर हात देत त्या उठल्या. आत भांडी आपटली, आगपेटी सापडेना म्हणून योगीराजला दोन शब्द ऐकावे लागले. वडघाटचा उद्धार चालूच होता. बऱ्याच वेळानं त्या हातात कप घेऊन बाहेर आल्या. या घरात राजेश्रीसाठी चहा पहिल्यांदाच झाला होता, आणि साखर लागत होती त्याहून जास्त पडली होती.

तिनं कप दोन्ही हातांनी धरला. खरं काय ते सांगावं असं तिला वाटलं, पण ते सगळं सांगायला जेवढी ताकद लागते तेवढी आज नव्हती.

"आत्या, ती बाई वाईट न्हवती," ती एवढंच म्हणाली. "लय मायेची होती."

"मायेची? काय केलं तिनं मायेचं?"

"ती मला जा मनली."

लक्ष्मीबाईंना यातलं काही कळलं की नाही, देव जाणे. त्या तिच्याशेजारी पायरीवर बसल्या, दुखरा पाय लांब केला, आणि स्टँडकडं बघत म्हणाल्या, "पी गुमान. निवायलाय."